हौसेचा टाका, पोटाचा टाका

2014 सालच्या नाताळात माझी भाची इंग्लंडहून वसईला आली, तेव्हा तिच्या बॅगेत भेटवस्तूंपेक्षा कापडाचे तुकडेच अधिक होते. वेलबुट्टीचे छापील सुती कापड, पांढऱ्या तागाचे अस्तर, मेणाची एक वडी, दोऱ्याची रिळे आणि एक अंगुस्तान. दुसऱ्याच दिवशी सकाळची मिस्सा आटोपून ती ओटीवर आजीशेजारी बसली आणि दोरा मेणावरून ओढून शिवू लागली. अठराव्या शतकातील युरोपीय स्त्रियांच्या धर्तीचा एक झगा तिला तयार करायचा होता, आणि तोही सगळा हाताने.

माझी आई तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, पण शिवणावरची नजर शाबूत. थोडा वेळ तिने नातीचा उद्योग पाहिला आणि म्हणाली, "अगं, आत मशीन रिकामं पडलंय. पाय मारलास तर दोन दिवसांत उरकेल."

"आजी, ज्या काळातला हा झगा आहे, त्या काळी मशीन नव्हतं."

"तेव्हा नव्हतं. आता आहे ना?"

आम्ही सारे हसलो. पण आईने तो प्रश्न विनोदाने विचारला नव्हता, हे मला पुढे उमगले. हातात साधन असताना कष्टाचा मार्ग मुद्दाम का धरावा? त्या कष्टाला काही नैतिक मोल आहे, की ती निव्वळ हौस आहे? त्या पंधरवड्यात आमच्या ओटीवर जे घडले, त्यामुळे या प्रश्नाचा विचार करणे मला भाग पडले. तो विचार वाचकांपुढे ठेवतो.

युरोप-अमेरिकेत असे पोशाख शिवणाऱ्यांचा एक वर्गच आहे. कोणी नाटकासाठी शिवतात, कोणी संग्रहालयासाठी, आणि बरेचसे केवळ आवडीपोटी. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील विल्यम्सबर्ग या गावी अठराव्या शतकातील वसाहत जतन करून ठेवली आहे; तेथील कारागीर त्या काळच्या रीतीने, हाताने कपडे शिवून पाहुण्यांना दाखवतात. या छंदाला अभ्यासाची बैठक दिली ती जॅनेट अर्नोल्ड या इंग्रज विदुषीने. संग्रहालयांत जपलेले जुने पोशाख तिने इंच न् इंच मोजले, शिवण कुठे कशी घातली आहे ते टिपले आणि त्यांचे आराखडे रेखाटले. 'पॅटर्न्स ऑफ फॅशन' या तिच्या ग्रंथमालेचा पहिला भाग 1964 साली निघाला. 1998 मध्ये तिचे निधन झाले, तरी तिच्या आराखड्यांवरून जगभर पोशाख शिवले जातात. माझ्या भाचीच्या बॅगेतही त्यातील एका भागाच्या काही पानांच्या छायाप्रती होत्या.

या जुन्या शिवणकामाविषयी ती बोलू लागली की ऐकत राहावेसे वाटे. फ्रान्समध्ये 1675 पर्यंत स्त्रियांचे मुख्य पोशाखही पुरुष शिंप्यांच्या संघानेच शिवायचे, असा दंडक होता. त्या वर्षी चौदाव्या लुईच्या राजवटीत शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना स्वतःचा संघ स्थापण्याची मुभा मिळाली. झगा शिवणारी बाई कागदी नमुना वापरीत नसे. गिऱ्हाईक समोर उभे करून त्याच्या अंगावरच कापड लावायचे, चुण्या पाडायच्या, टाचण्या खोचायच्या आणि मग कातर चालवायची. समोरचा भाग बंद करायला बटणे क्वचितच असत; बहुधा टाचण्यांनीच काम भागे. त्या काळी मोल होते ते कापडाला. शिलाई त्या मानाने अगदीच स्वस्त. म्हणून झगा असा शिवीत, की चार वर्षांनी उसवून, उलटवून त्याचा नवा झगा व्हावा, किंवा मुलीच्या अंगाला बेतावा.

त्या कापडात आपल्या देशाचाही वाटा होता. कोरोमंडल किनाऱ्यावर रंगवलेल्या सुती कापडाने युरोपला वेड लावले होते. आपण ज्याला छीट म्हणतो त्यालाच ते चिंट्झ म्हणू लागले. आपल्या विणकरांचा धंदा बुडेल या भीतीने फ्रान्सने 1686 पासून 1759 पर्यंत या कापडावर बंदी घातली. इंग्लंडनेही 1721 च्या कायद्याने छापील सुती कापड वापरण्यास मनाई केली, ती 1774 मध्ये उठली. भाचीच्या मांडीवरचे कापड त्याच छिटांच्या वळणाचे होते. ते मूळ कापड रंगवणाऱ्यांची नावे मात्र कुठल्याही पुस्तकात नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईने ते शिवण हातात घेतले. घेराचे दोन पट्टे जोडणारी लांब शिवण होती. मुंगीच्या पावलांसारखे बारीक, एकसारखे टाके. आईने त्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "इथे इतके बारीक कशाला घातलेस? इथे ताण कुठे येतो? घेराला धावदोरा पुरे. बारीक टीप मुंढ्याला घाल, कमरेला घाल. जिथे ओढ बसते तिथे."

भाची चकित झाली. तिने त्या छायाप्रती काढल्या आणि मला दाखवल्या. जुने झगे आतून पाहिले की नेमके हेच आढळते: घेराच्या शिवणी भरभर घातलेल्या धावदोऱ्याच्या आणि अंगाला घट्ट बसणाऱ्या भागात मात्र भक्कम उलटी टीप. आतील कडा पुष्कळदा तशाच सोडलेल्या. आजच्या हौशी माणसाला वाटते, की जुन्या काळी प्रत्येक टाका मोत्यासारखा असे. वस्तुतः ज्या बाईचा वेळ हीच तिची भाकर होती, ती गरज नसलेल्या जागी एक टाकाही खर्च करीत नसे. हे सत्य विद्वानांना संग्रहालयातील वस्त्रे मोजून कळले. माझ्या आईला ते ठाऊक होते, कारण तीही भाकरीसाठी शिवत आलेली होती.

1960 नंतरची ती वर्षे. वडिलांचे आजारपण, घरात आम्ही चार भावंडे. मुंबईचा एक व्यापारी तयार सदरे काजे-बटणांसाठी घरोघर देत असे. एका सदऱ्याला सात-आठ काजे, आणि मोबदला डझनावर. रात्री भांडी आवरली की आई आणि शेजारची एक बाई एकाच कंदिलाभोवती बसत. आईने घेतलेल्या कामातला काही भाग ती शेजारीण करी. मी दहा वर्षांचा होतो. शनिवारी तो गठ्ठा घेऊन लोकलने मुंबईला जायचे आणि नवा गठ्ठा आणायचा, हे माझे काम. गठ्ठ्याचे ओझे मला आठवते. त्यात किती रात्री बांधलेल्या असत, याची मात्र तेव्हा कल्पना नव्हती.

एका शनिवारी व्यापाऱ्याला दोन सदऱ्यांवर रॉकेलचा डाग दिसला. त्याने दोन सदऱ्यांचे नव्हे, साऱ्या आठवड्याचेच पैसे कापले. मी रिकाम्या हाताने घरी आलो. आई काही बोलली नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा तीच काजे करू लागली, कारण दुसरे काम नव्हते. पुढे मोठा झाल्यावर एकदा मी तिला विचारले होते, "तो माणूस असा वागला, मग तूही टाका सैल का सोडला नाहीस?" ती म्हणाली होती, "सदरा घालणाऱ्याचा काय दोष?"

नातीला यातले काहीच ठाऊक नव्हते. झग्याच्या आत घालायचे एक ताठ वस्त्र असते, बंडीसारखे. त्यात काड्या घालून ते शरीराला घट्ट बसवतात आणि पाठीवर नाडीने आवळतात. नाडी ओवण्यासाठी दोन्ही कडांना भोकांची रांग लागते. धातूची कडी ठोकण्याची सोय एकोणिसाव्या शतकात आली. त्यापूर्वी प्रत्येक भोक दोऱ्याने गुंफून घ्यावे लागे. दोन्ही बाजूंना बारा-बारा अशी चोवीस भोके होती आणि भाचीच्या हातून ती नीट उतरत नव्हती. आई म्हणाली, "दे इकडे." कापड न कापता टोच्याने धागे बाजूला सारून भोक पाडायचे, म्हणजे ते उसवत नाही, ही युक्ती नातीने आजीला दाखवली. त्याभोवती दोरा कसा ओढायचा, ते आजीने नातीला दाखवले. आईचे बोट जणू पन्नास वर्षे तिथेच थांबलेले होते. पहिले भोक पुरे करून तिने ते उजेडात धरले आणि सहज विचारले, "एका काजाचं काय देशील?"

भाची हसली. मी हसलो नाही. आणि माझा चेहरा पाहून तिचेही हसू मावळले. त्या रात्री मी तिला गठ्ठ्याची गोष्ट सांगितली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तोच दोरा, तीच सुई, तोच टाका. एकीला तो आनंद देतो. दुसरीला त्याने पाठदुखी आणि अधू डोळे दिले. हा फरक कशाने पडतो?

पहिले उत्तर सुचते ते पैशाचे. हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. हौसेसाठी केलेले काम निर्मळ आणि पैशासाठी केलेले हीन, असा एक समज आपल्या मनात दडलेला असतो. पण तो टिकत नाही. संत पौल तंबू शिवून आपला चरितार्थ चालवीत असे आणि त्याचा त्याला अभिमान होता. नाझरेथच्या सुताराने केलेल्या कामाचा मोबदला घेतलाच असेल. मोबदल्याने काम विटाळत नाही. आईच्या काजांत कौशल्य होते, सचोटी होती, आणि ती कधी कधी सदरा उजेडात धरून समाधानाने पाहत असे, हेही मी पाहिले आहे. उलट भाचीच्याही बोटांना भोके पडत होती आणि मान अवघडत होती. तेव्हा आनंद हौशीकडे आणि कष्ट गरजवंताकडे, इतकी सरळ वाटणी नाही.

दुसरे उत्तर यंत्राचे. यंत्र आले आणि हाताचे काम गेले, असा सूर आपण आळवतो. परंतु हाताच्या कामाचा तो काळ किती सोन्याचा होता? 1843 साली लंडनमध्ये एका विधवेने पोटासाठी शिवायला आणलेले कपडे गहाण टाकले म्हणून तिला न्यायालयात उभे केले. तिची मजुरी ऐकून लोक हळहळले, आणि थॉमस हूड या कवीने सदरा शिवणाऱ्या बाईवर लिहिलेली कविता त्याच वर्षी घरोघर पोहोचली. वीस वर्षांनी, 1863 च्या जूनमध्ये, मेरी अ‍ॅन वॉकली नावाची वीस वर्षांची मुलगी लंडनच्या एका प्रतिष्ठित शिवणगृहात मरण पावली. युवराज्ञीच्या स्वागताच्या नृत्यसमारंभासाठी उमरावांच्या स्त्रियांना झगे हवे होते. त्यासाठी ती सलग साडेसव्वीस तास शिवत होती, कोंदट खोलीत, साठ मुलींबरोबर. त्या समारंभातील झगे सुंदरच असतील. असला एखादा झगा आज काचेच्या कपाटात असेल आणि आपण त्याच्यासमोर उभे राहून वाहवा करू.

यंत्राची कहाणीही एकरंगी नाही. थिमोनिए या फ्रेंच शिंप्याने 1830 च्या सुमारास शिवणयंत्र बनवले आणि पॅरिसमध्ये त्यावर सैनिकांचे गणवेश शिवण्यास प्रारंभ केला. 1831 मध्ये पोट जाईल या धास्तीने शिंप्यांच्या जमावाने ती यंत्रे मोडून टाकली. पुढे अमेरिकेत 1846 मध्ये हौ आणि 1851 मध्ये सिंगर यांनी आपापल्या यंत्रांचे हक्क नोंदवले. त्यानंतर दहा वर्षांनी यंत्रे विकणाऱ्यांनी हिशेब मांडला, की पुरुषाचा एक सदरा हाताने शिवण्यास 14 तास 26 मिनिटे लागतात आणि यंत्राने 1 तास 16 मिनिटे. हा हिशेब विक्रेत्यांचा असला तरी यंत्राने काळ वाचला यात शंका नाही. पण वाचलेले तेरा तास कोणाला मिळाले? शिवणाऱ्या बाईला विश्रांती मिळाली नाही. तिच्यापुढे सदऱ्यांचा ढीग तेवढा वाढला. माझ्या आईने यंत्राला कधी दूषण दिले नाही. यंत्र घ्यावे ही तिची वीस वर्षांची इच्छा होती आणि माझ्या पहिल्या पगारातून ती पुरी झाली. तेव्हा दोष हाताला नाही, आणि यंत्रालाही नाही.

मग फरक कशात आहे? मला वाटते, तो दोन गोष्टींत आहे: काम नाकारण्याची मोकळीक, आणि काम करणाऱ्या माणसाचा त्या कामात दिसणारा चेहरा. भाचीला कंटाळा आला की ती सुई खोचून ठेवी आणि समुद्रावर फिरायला जाई. आईला ती सोय नव्हती. भाचीच्या झग्याकडे पाहून लोक विचारणार, कोणी शिवला? आईच्या काजांविषयी कोणीच कधी काही विचारले नाही.

या दोन्ही गोष्टींवर ख्रिस्तसभेने स्पष्ट शिकवण दिली आहे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 सालच्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात सांगितले, की गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भयाने कामगाराने अपुरा मोबदला कबूल केला, तर केवळ त्याने होकार दिला म्हणून तो करार न्याय्य ठरत नाही. तो कामगार बळजोरीचा आणि अन्यायाचा बळी असतो. त्या व्यापाऱ्याने आईवर जबरदस्ती केली नव्हती. "परवडत असेल तर न्या," एवढेच तो म्हणे. लिओंच्या शब्दांच्या प्रकाशात त्या एवढ्याशा वाक्यातली बळजोरी दिसते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली 'लाबोरेम एक्झेर्चेन्स'मध्ये पुढचे पाऊल टाकले: कामाची थोरवी मुख्यतः काय तयार झाले यावर नसून ते करणारा माणूस आहे यावर आहे, काम माणसासाठी, माणूस कामासाठी नव्हे. या कसोटीवर वॉकलीने शिवलेला उमरावी झगा आणि माझ्या आईचे साधे काज यांत उच्चनीच राहत नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल, की मग ही जुन्या पोशाखांची हौस म्हणजे गरिबाच्या कष्टांची थट्टाच झाली. ज्या कामाने कोणाचे डोळे गेले, ते काम आपण सुट्टीतला विरंगुळा म्हणून करायचे! हा आक्षेप खोटा नाही. झग्याचे सौंदर्य तेवढे घेतले आणि तो शिवणारे हात विसरले, तर ती थट्टाच आहे. आपल्याकडेही सणासमारंभात मुली पणजीचे लाल लुगडे नेसतात, छायाचित्रे काढतात. त्या लुगड्याचा काचा मारून पणजी चिखलात भात लावीत असे, हे त्यांना कोणी सांगितले नसेल, तर त्यांनी पणजीचा वेष घेतला, वारसा नव्हे.

परंतु हौसेला दुसरी वाटही आहे. जो स्वतः चोवीस भोके गुंफतो, त्याला एका भोकाला किती वेळ लागतो ते बोटांतून कळते. पुस्तकातील आकडा विसरता येतो. बोटाला कळलेली गोष्ट विसरत नाही. पुढे दुकानात टांगलेला झगा पाहिला, की त्याची नजर किमतीच्या चिठ्ठीवर न थांबता शिवणीवर जाते. हाताने शिवण्याला जर काही नैतिक मोल असेल, तर ते हे आहे. ते शिवणाऱ्याला अधिक पवित्र करीत नाही. पण त्याच्या अंगावरच्या प्रत्येक कपड्यामागे एक माणूस आहे, हे त्याला विसरू देत नाही.

आणि हे विसरण्याची किंमत दुसरे कोणी तरी मोजत असते. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली. वरच्या मजल्यांवर कपडे शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावून घेतले. 1,100 हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. ते कपडे युरोप-अमेरिकेतील दुकानांत जायचे होते. त्यानंतर आठवड्याने, 1 मे रोजी, म्हणजे कामगार संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, पोप फ्रान्सिस यांनी प्रवचनात या मृतांच्या महिन्याला 38 युरो पगाराचा उल्लेख केला आणि याला गुलामांचे श्रम म्हटले. पोप पायस बारावे यांनी 1955 मध्ये हा सण घालून दिला, तो याच जाणिवेसाठी.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या तबीथेची गोष्ट आहे. ती मरण पावली तेव्हा गावातील विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखवू लागल्या. पवित्र शास्त्रात तिचे एकही वचन नोंदलेले नाही. तिची साक्ष तिच्या शिवणीने दिली. त्या विधवांना आपल्या अंगावरचे वस्त्र कोणी शिवले ते ठाऊक होते, म्हणून तिच्यासाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्या सदऱ्याच्या गळपट्टीवर कंपनीचे नाव असते, शिवणारीचे नसते. तिच्यावर इमारत कोसळली, तर रडणाऱ्यांत आपण कसे असणार? पण संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे, की मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. आपल्याला नाव ठाऊक नसले, तरी त्याला ते ठाऊक असते.

आईचे ते उत्तर मला वारंवार आठवते: सदरा घालणाऱ्याचा काय दोष? जो माणूस तिला कधी दिसणार नव्हता, त्याच्याशी तिने इमान राखले. त्याचे बटण तुटू नये म्हणून तिने अपुऱ्या मजुरीतही टाका घट्ट ओढला. आता प्रश्न उलट बाजूचा आहे. सदरा घालणारे आपण. जी आपल्याला कधी दिसणार नाही, तिच्याशी आपण तेवढे इमान राखतो काय?

यासाठी फार दूर जायला नको. आपल्या धर्मग्रामात प्रथम कम्युनियनचे फ्रॉक शिवले जातात, लग्नाचे गाऊन शिवले जातात, गायनमंडळाचे झगे शिवले जातात. गाऊनच्या कापडासाठी आपण मुंबईची दुकाने पालथी घालतो, सांगेल ती किंमत देतो आणि शिलाईच्या वेळी शेजारच्या बाईशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. "आमच्याच चर्चमधली ना तू?" असे म्हणून पैसे कमी करायला लावतो. आठ दिवसांवर सण आला, की कापड नेऊन टाकतो आणि तिला रात्री जागायला लावतो. देतो म्हणून सांगितलेले पैसे नाताळ उलटून गेला तरी देत नाही. यातले एकही पाप आपल्याला पापनिवेदनाच्या वेळी आठवत नाही. सगळ्यांनी हाताने कपडे शिवावेत, असे मी मुळीच म्हणत नाही. पण आपल्या मुलींनी, आणि मुलांनीही, आयुष्यात एखादे वस्त्र तरी स्वतः, हाताने, शेवटच्या टाक्यापर्यंत शिवून पाहावे. मग घासाघीस करताना जीभ थोडी अडखळेल.

भाची परत जाण्याच्या आदल्या दिवशी चोवीसही भोके पुरी झाली. तिने घड्याळ लावून पाहिले होते: एका भोकाला सरासरी बारा मिनिटे, म्हणजे सारे मिळून पावणेपाच तासांच्या वर. इंग्लंडमध्ये त्या वेळी प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला साडेसहा पौंड होते. त्या दराने तिने हिशेब केला, रुपयांत मांडला आणि सुमारे तीन हजार रुपये आजीच्या हातात ठेवले. मला संकोच वाटला. आजी-नातीत कसला आला हिशेब! आई पैसे परत करील, असे मी धरून चाललो होतो.

आईने ते घेतले. नीट मोजून घेतले. तिच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता आणि रागही नव्हता. तिने त्याचे दोन सारखे भाग केले, एक उशीखाली ठेवला आणि दुसरा माझ्याकडे देऊन म्हणाली, "पलीकडे नेऊन दे."

पलीकडे म्हणजे त्या शेजारणीकडे. तीही थकली होती, लेकाच्या घरी अंथरुणाला खिळली होती. त्या शनिवारच्या गठ्ठ्यात तिचीही काजे होती, हे मी विसरून गेलो होतो. काम आईच्या नावावर आलेले. पैसे बुडाले तेव्हा शेजारणीचा वाटा आपण दिला नाही, हे आईने जवळजवळ पन्नास वर्षे मनात ठेवले होते. तिच्यावर तो अन्याय दुसऱ्याने केला होता, तरी स्वतःकडे राहिलेले देणे ती विसरली नव्हती.

मी ते पैसे नेऊन दिले. कशाचे म्हणून विचारल्यावर सांगितले. म्हातारीला तो रॉकेलचा डाग अजून आठवत होता.